पाच कप, चार खुर्च्या

संपादकांनी लेख वाचून संपवला, चष्मा काढला आणि पोट धरून हसले.

“कमाल केलीत, चिमटेकर! ‘मला एकटं वाटतं. रविवारी पाचला चहाला या. कप पाच आहेत, खुर्च्या चारच. एकाला पलंगावर बसावं लागेल.’ पलंगावर! अहो, एकटेपणाची काय खिल्ली उडवलीय!”

चिमटेकरांचं खरं नाव कचेरीत कुणाला आठवत नसे. वर्षानुवर्षं ‘चिमटे’ हे सदर लिहून माणसाचाच चिमटेकर झाला होता.

“खाली घरचा पत्ता दिलाय,” ते म्हणाले.

“तोच तर कळस! कुठे अतिशयोक्ती नाही, कुठे टोमणा नाही. मुरलेला उपरोध म्हणतात तो हाच.”

तो उपरोध नव्हता. बायको गेल्यापासून घरात दुसऱ्या कपाला हात लागला नव्हता. तोंडाने कुणाला ‘या’ म्हणावं, तर जन्मभर थट्टा करून जिभेला सरळ बोलण्याचं वळणच राहिलं नव्हतं. म्हणून त्यांनी लिहिलं. हे सगळं संपादकांना सांगावं असं फार वाटलं, पण चिमटेकर नुसते हसले. जित्याची खोड.

“अक्षरशः मात्र नक्की येणार हं!” संपादक म्हणाले, तशा आजूबाजूच्या माना वर झाल्या.

‘अक्षरशः’ हे एका वाचकाला कचेरीने ठेवलेलं नाव. छापलेलं सगळं त्याला खरं वाटायचं. रस्त्यांतल्या खड्ड्यांत मासे पाळा, असं चिमटेकरांनी लिहिलं, तर कुठल्या जातीचे पाळू, हे विचारायला त्याचा फोन. त्यांनी नगराध्यक्षांचे गोडवे गायले, तर ‘तुम्हीसुद्धा विकले गेलात’ म्हणून तो भांडायला उठला. चिमटेकरांनी त्याला परोपरीने समजावलं, की वरून स्तुती करायची आणि आतून सालटी काढायची, याला व्याजस्तुती म्हणतात.

“आणि खरंच काही सांगायचं असलं, की काय करता?” त्याने विचारलं होतं.

पालथ्या घड्यावर पाणी, असं पुटपुटत चिमटेकरांनी फोन ठेवला होता.

संपादक त्याची नक्कल हुबेहूब करत. एकदा फोनवर कचेरीचा शिपाईसुद्धा फसला होता. आताही त्यांनी घशात खरखर आणली. “उद्या पाचला येतो. बिस्किटं मी आणतो, असं माझं म्हणणं!”

कचेरी खो खो हसली.

रविवारी सकाळपासून चिमटेकरांचा फोन थांबेना. जो तो पाठ थोपटत होता. दूरदेशीच्या मुलाचाही फोन आला.

“बाबा, पलंगाचं वाक्य जबरी! इथे सगळ्यांना वाचून दाखवलं.”

“तू कधी येतोयस?”

“झालं, फोनवरही चिमटे!” मुलगा हसला आणि घाईत आहे म्हणाला.

कुणी येणार नाही, हे चिमटेकरांना कळून चुकलं. तरी दुपारी त्यांनी खुर्च्या पुसल्या, पलंगावर धुतलेली चादर घातली आणि टेबलावर पाच कप मांडले. एका कपाचा कान तुटका होता. तो त्यांनी स्वतःसाठी ठेवला.

पाचला घंटी वाजली.

चिमटेकर जवळजवळ धावतच दाराशी गेले. हात कडीवर पडला, आणि बाहेरून खरखरीत आवाज आला.

“चहाला आलोय. बिस्किटं आणलीत. मी पलंगावर बसेन, मला चालतं, असं माझं म्हणणं.”

चिमटेकरांचा हात खाली आला. म्हणजे संपादक आले होते! मागे जिन्यात तोंडं दाबून अर्धी कचेरीही उभी असेल. दार उघडलं, की मांडलेले कप सगळ्यांना दिसणार, आणि उद्या कचेरीत त्याच कपांवर हशा पिकणार.

“नक्कल झकास जमलीय,” ते बंद दारातूनच म्हणाले. “पण चहाबिहा काही नाही. लेख होता तो, लेख! एवढंही कळत नाही?”



“नाही हो, मला तसलं कळत नाही,” आवाज म्हणाला. “चुकलंच माझं.”

चपला सावकाश जिना उतरून गेल्या. चिमटेकर कितीतरी वेळ दाराला पाठ लावून उभे होते. मग त्यांनी एकेक कप उचलून कपाटात ठेवायला घेतला. तुटक्या कानाच्या कपाशी आले, तोच फोन वाजला.

“चिमटेकर, मी बोलतोय,” पलीकडून संपादक म्हणाले. मागे लहान मुलांचा गलका चालला होता. “सकाळच्या गाडीने लेकीच्या गावी आलोय. इकडेही तुमचाच लेख चाललाय. मग काय, आलं का कुणी चहाला?”