ढोले सरांची प्रस्तावना

वीस वर्षं दिग्रसच्या वाचनालयात बसून कमलाकरराव आणि निवृत्त प्राचार्य ढोले एकमेकांना आपापल्या न लिहिलेल्या पुस्तकांबद्दल सांगत आले. मग एका दिवाळीनंतर कमलाकररावांनी कंबर कसली, रोज पहाटे उठून लिहिलं आणि पुरं झालेलं हस्तलिखित प्रस्तावनेसाठी ढोले सरांच्या हाती ठेवलं. सरांच्या प्रस्तावनेशिवाय पुस्तक छापायची गावात कोणाची छाती होत नसे.

त्याला तीन वर्षं झाली. दर खेपेला ‘वाचून राह्यलो’ एवढंच उत्तर. आज मात्र कमलाकररावांनी भीड सोडली.

“सर, माझं हस्तलिखित परत द्या.”

“आता काहून एवढी घाई? वीस वर्षं झोपले होते, तेव्हा नव्हती!”

“वाचलं नसंल तं तसं सांगा. पण द्या.”

सरांनी कपाटातून गठ्ठा काढून टेबलावर आपटला. “पहिल्याच आठवड्यात वाचलं. चांगलं आहे.”

“मग तीन वर्षं कायले अडवून ठेवलं?”



“हे छापून आलं असतं, तं गावात नुसत्या बाता मारणारा मी एकटाच उरलो असतो.”