तिसरी आकृती

पडद्यावर दोन आकृत्या होत्या. "हे सस्तन प्राण्यांचं एन्झाइम, म्हणजे आपलं. हे जिवाणूचं," डॉक्टर गुंजाळ म्हणाले. "जिवाणूच्या एन्झाइमला ही खाच असते. औषध तिच्यातच अडकतं, म्हणून जिवाणू मरतो आणि माणूस वाचतो."

"आणि आमच्या निहारचं?" हेमांगीने विचारलं. तिच्या मुलाला त्याच जिवाणूचा संसर्ग झाला होता.

डॉक्टरांनी तिसरी आकृती जिवाणूच्या आकृतीवर ठेवली. ती तंतोतंत बसली.

"औषध दोघांना वेगळं ओळखणार नाही, ताई."

उन्हाने माणसं मरू लागली, तेव्हा पोटातल्या बाळासाठी हेमांगीनेच उष्णता सोसणाऱ्या जिवाणूच्या एन्झाइमचं जनुक मागून घेतलं होतं. बाकीची मुलं तळघरात असताना निहार भर दुपारी अंगणात एकटाच हुंदडायचा.

दवाखान्याच्या उन्हातल्या पायरीवर तापाने फणफणलेला निहार तिच्या कुशीत शिरला. "आई, आज सावलीत बसू या. ऊन लागतंय."