गेममधलं गाव

पैसे मोजून घेतलेला गेम कंपनीने न सांगता बंद केला आणि आत्या-भाचीने वर्षानुवर्षं खपून त्यात उभारलेलं गाव गायब झालं. आत्या अशी खवळली की हजारो खेळाडूंना गोळा करून तिने दावाच ठोकला, गेम पुन्हा चालू करा. त्यांच्या वकीलबाईंनी गेमिंग कायद्याच्या खास प्रशिक्षणात शिकलेली कलमं कोर्टात घडाघडा ऐकवली.

कंपनीचा वकील गोड हसला. "पण ताई, गेम घेताना तुम्ही मान्य केलेली अट अशी आहे की आधी गेममध्ये जाऊन तक्रारीचं बटण दाबायचं, मगच कोर्टात यायचं."

"अहो, गेमच बंद पाडलात ना मेल्यांनो," आत्या कडाडली. "बटण काय कपाळावर दाबू?"

तो शांतपणे न्यायाधीशांकडे वळला.


"साहेब, गेम बंद केल्यापासून आमच्याकडे एकही तक्रार आलेली नाही."