शनिवार रिकामा

स्वेटरची छाती चोवीस इंच भरली. जागृतीने टेप उलटा करून सेंटीमीटरमध्येही मोजलं. एकसष्ट. पिवळी लोकर तिने स्वतः रंगवली होती, सुरतच्या पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलच्या लॅबमध्ये. चौथ्या खेपेला हवी ती छटा आली होती.

"लुका दहा वर्षांचा झाला आता," लोकेश म्हणाला. "हा सहाच्या पोराला बसेल."

"हात त्या मापावरच थांबला."

त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. जॉर्जियातलं तिबिलिसी, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, चार दिवस. दोन मोठे, दोन लहान. एजंटने तिकिटं आज दुपारी बारापर्यंत धरून ठेवली होती.

सात वर्षांची ओवी धावत आली. "मम्मी, त्यां बरफ पडशे ने?"

"घरात मराठी बोल."

"तिथे बर्फ पडेल ना?"

"पडेल बहुतेक. उणे दोन असतं."

ओवीने स्वेटर अंगाला लावून पाहिला. "मला बरोबर होतोय."

जागृतीने तो हळूच काढून घेतला. "तुझा लाल आणलाय."

मग ओवीने कपाटातून निळी टोपी काढली. "ही सम्यकदादाची. मी नेऊ?"

मटार सोलणाऱ्या सरलाबाईंचा हात थांबला.

"ने," जागृती म्हणाली.

सरलाबाईंनी सुनेकडे न पाहता पुढची शेंग उचलली. "दोन लेकरं घेऊन एवढ्या थंडीत कुडकुडाले काहून जाता? दमणले जा."

"आई, दमणला बर्फ नाही," लोकेश म्हणाला.

"बर्फ फ्रीजमंदी हाय." थोड्या वेळाने त्या हळू आवाजात म्हणाल्या, "परक्याचं पोरगं हाय ते, जागृती. कोन लागते तो तुहा?"

जागृतीने टेप गुंडाळून डब्यात ठेवला.

नीनो ही लुकाची आई. तीन वर्षांपूर्वी ती मुलाला घेऊन अडीच महिने मुंबईत राहिली होती. तेव्हा भेट झाली नाही. जागृतीनेच टाळली. तरी दर वर्षी नऊ जानेवारीला नीनोकडून लुकाचा फोटो यायचा, आणि खाली मोबाइलने हिंदीत करून दिलेली एकच ओळ: हमारे घर आइए. उत्तर लोकेश द्यायचा. जागृतीने फोटो कधी मोठा करून पाहिला नव्हता.

मागचे दोन हिवाळे असेच गेले होते. यादी पूर्ण, टोप्या धुतलेल्या, आणि तिकिटाच्या दिवशी ती म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. यंदा लोकेश शांतपणे म्हणाला होता, "या वेळी नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही."

तिने यादी पुढे ओढली. गुरुवार, पोहोचणे, आराम. शुक्रवार, रोपवे. धाकट्या मैत्रेयसाठी बाबागाडी. शनिवारपुढे काही नव्हतं. रविवार, बाजार, परत.

"नीनोचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे," लोकेश म्हणाला. "लिफ्ट नाही. मैत्रेयला उचलून घ्यावं लागेल."

"लुका एका दमात चढतो का, विचार."

लोकेशने मेसेज टाकला. उत्तर लगेच आलं. "एका दमात. वर पोचल्यावरही बडबड चालूच असते म्हणे."

"मधे थांबत नाही?"

"नाही."

शनिवारच्या ओळीखाली तिने बारीक अक्षरात लिहिलं: तीन मजले, थांबा नाही.

आत चार वर्षांचा मैत्रेय शिंकला. तिची मान झटकन वळली. "त्याला सर्दी झाली तर मात्र त्यांच्या दारातही जायचं नाही. एक शिंकसुद्धा नको तिथे."

"म्हणजे जायचं ठरलं?"

"तसं मी म्हटलं नाही."

साडेअकरा वाजले. सरलाबाईंनी मटारची सालं गोळा केली, पण त्या उठल्या नाहीत. ओवी निळी टोपी डोळ्यांपर्यंत ओढून आरशासमोर उभी होती. टोपीच्या कडेला तिचे कान दुमडले गेले होते. जागृती तिच्याकडे पाहत राहिली, मग तिने नजर काढून घेतली.

"शनिवारपुढे काय लिहू?" लोकेशने विचारलं.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सेकंदकाटा पूर्ण एक फेरा फिरला. तेवढा वेळ तिचे ओठ हलत होते, आकडे मोजावेत तसे. नव्वदच्या पुढे कुठेतरी ती थांबली.

"लुकाचं घर लिही," ती म्हणाली. "नीनोला सांग, जेवण नको, काही नको. फक्त एक मिनिट मला लुकाच्या छातीला कान लावू दे. आपल्या सम्यकचं हृदय कसं चालतंय, ते ऐकायचंय मला."