कुणीतरी निघतं
कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वसुधाबाई युद्धकाळातली प्रेमकथा वाचत होत्या. “आई, सगळ्या कादंबऱ्यांत तेच!” मुलगा उदय हसला. “तो लढाईत जातो, आणि पन्नास वर्षांनी कुणीतरी त्याचा माग काढत निघतं. त्यात एवढं काय आहे?” “कुणीतरी निघतं, हेच.” त्यांनी पुस्तक मिटलं. “एकाहत्तरच्या लढाईत माझा ठरलेला नवरा गेला. वडिलांनी महिन्याभरात दुसरीकडे लग्न लावून मला भोपाळला धाडलं. त्याच्या घरी रडायलाही जाऊ दिलं नाही.” उदयचं हसू मावळलं. “त्याची बहीण साताऱ्याला असते. उद्या निघतेय मी.” “या वयात? लोक काय म्हणतील?” “म्हणू देत! तेव्हा मी विचारलं होतं; आता फक्त सांगतेय.” सकाळी भोपाळच्या हबीबगंज स्टेशनहून त्या एकट्याच गाडीत बसल्या. साताऱ्यात म्हाताऱ्या बहिणीनं दार उघडलं. नाव ऐकताच तिनं वसुधाबाईंचे दोन्ही हात धरले. “वहिनी, आत या.”