गुरुवारच्या गाड्या

कायद्याने वागणाऱ्या माणसाला कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही, असं ड्यूई स्टँड्रिज भर सभेत सांगत असे. आज तो शेजारच्या जॉर्जिया राज्यातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये टोपी नाकापर्यंत ओढून बसला होता आणि स्वतःच्या बुटांच्या नाड्यांखेरीज त्याला काही दिसत नव्हतं.

कायदा त्यानेच करवून घेतला होता. एकट्याने नव्हे; पण अलाबामातल्या तीन काउंट्यांच्या मोटार विक्रेता मंडळातर्फे आमदारांपुढे टेबलावर मूठ आपटली ती त्याने. विजेवरच्या गाड्या थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या कंपनीने आमच्या राज्यात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान उघडायचं नाही. उघडलं तर आम्ही विक्रेत्यांनी काय खायचं? आमदारांना पटलं. तेव्हापासून इकडच्या तसल्या गाडीला साधी शिंक आली तरी राज्याची सीमा ओलांडावी लागे.

ड्यूईने तशी गाडी घेतली ती शत्रूचा अभ्यास करायला. अभ्यास महिनाभर चालणार होता. आता तिसरं वर्ष सुरू होतं. गाडी गवताच्या कोठारात, होडीच्या ताडपत्रीखाली असे. बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि बायकोला ती गाडी आवडायची.

काउंटरवरची मुलगी समंजस होती. अलाबामाच्या गाड्या ती गुरुवारी घेई आणि त्यांच्या मालकांना नावाने हाक मारत नसे. गाडीच्या रंगाने मारी. बाकावर सगळे दाटीने बसले होते. कुणाला काळा चष्मा, कुणाला मास्क, एका बाईने तर हॅटवरून स्कार्फ गुंडाळलेला. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, असा तिथला शिष्टाचार होता.

"तुमची आहे का?" शेजारच्याने मासेमारीच्या मासिकाआडून बसक्या आवाजात विचारलं.

"छे, छे! मेव्हण्याची." ड्यूईनेही आवाज घोगरा केला. "तुमची?"

"माझी कशाला असेल? पुतणीची. आजकालची पोरं ऐकतात होय कुणाचं?"

"कुठली ऐकायला!"

शेजाऱ्याने कोलाच्या बाटलीत खारे शेंगदाणे सोडले आणि एक घोट घेतला. "हा कायदा ज्याने केला ना, त्याला आणून एकदा या बाकावर बसवलं पाहिजे."

"बसवलंच पाहिजे," ड्यूई म्हणाला. बाक टणक होता.

आज बाराला मंडळाची सभा होती, नेहमीप्रमाणे तळलेल्या माशांच्या खानावळीत, मागच्या खोलीत. विषय एकच : हॉरेस पेटवेची हकालपट्टी. चर्चच्या आवारात विजेच्या गाडीतून उतरणाऱ्या या म्हाताऱ्याचा कुणीतरी फोटो काढला होता. ठरावाची नोटीस दिली होती ड्यूईने. ज्याच्या कोठारात ताडपत्री असते, तो जरा जास्तच मोठ्याने ओरडतो.

याच हॉरेसने ड्यूईला धंद्यात आणलं होतं. आधी काचा पुसायला ठेवलं, मग गाड्या विकायला शिकवलं. गेल्या सभेत बायकोच्या गाडीबद्दल म्हातारा एवढंच म्हणाला, "पोरा, गाडी ओडेसाची आहे रे. ती गेली. तिचं म्हणून एवढंच राहिलंय. नाही विकवत."

ड्यूई सगळ्यांकडे बघत म्हणाला होता, "मग सभासदत्व विक!"

हशा पिकला होता. सगळेच हसले होते, अगदी पोट धरून. हॉरेसही कसनुसा हसला होता, आणि ते हसणं ड्यूईच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. खानावळीतल्या त्या टेबलाशिवाय म्हाताऱ्याला आता जायला जागाच नव्हती.

म्हणून ड्यूईने उपाय काढला होता. ठराव मांडणाराच आला नाही, तर ठराव बारगळेल. हॉरेस वाचेल, आणि ताडपत्रीही उचलावी लागणार नाही. हिमतीचा हा प्रकार त्याला झेपण्यासारखा होता. त्याने मंडळाचा चिटणीस क्लाइड बर्कहॉल्टरला मेसेज पाठवला : "दाढ सुजलीये. येत नाही. ठराव राहू दे."

मासिकाआड काहीतरी उजळलं. क्लाइडचं उत्तर लगेच आलं : "आराम कर. इथे आम्ही सगळे आहोतच. बघतो काय ते."

सगळे आहेत, म्हणजे ठराव दुसरा कुणीतरी मांडणार. निघावं, तर गाडी जॅकवर. त्याने लिहिलं : "हॉरेसला काढू नका. तसली गाडी माझ्याकडेपण आहे." बराच वेळ ते वाक्य तो बघत राहिला. मग शेवटापासून एकेक अक्षर पुसलं.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला. अलाबामाचं घड्याळ तासभर मागे, म्हणजे तिकडे बारा. खिशातला फोन थरथरला.

हॉरेसचा मेसेज होता, मंडळाच्या ग्रुपवर.

"मी वेळेवर आलोय. ओडेसाची गाडी काल देऊन टाकली. जुना ट्रक काढला. सगळ्यांसाठी मासे सांगितलेत, गार होतायत. अजून कुणीच कसं नाही? कुठे आहात रे सगळे?"

वाचून होईपर्यंत ड्यूईच्या ध्यानात आलं की थरथरला तो त्याचा एकट्याचा फोन नव्हता. अख्खा बाक थरथरला होता. मास्कवाल्याचा खिसा, काळ्या चष्म्याचं जाकीट, स्कार्फवाल्या बाईची पर्स. सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि सगळे एकच मजकूर वाचत होते.

शेजारचं मासिक हळूहळू गुडघ्यावर आलं.

"दाढ कशी आहे?" क्लाइडने विचारलं.

"बरी आहे. पुतणी?"

"बरी आहे."

हॉरेसला उत्तर कुणीच पाठवलं नाही.

"निळी गाडी तयार आहे!" काउंटरवरच्या मुलीने पुकारलं. बाकावरून कुणी हललं नाही, तेव्हा तिने पुन्हा विचारलं, "निळी गाडी कुणाची?"

कुणाचीच नव्हती.