मॅडमचं शून्य
त्याच कॉलेजात शिकवणारी बायको गेल्याचा फोन आला तेव्हा प्रयोगशाळेतला मेकॅनिक तिच्याच विद्यार्थ्यांसाठी गुरुत्वाकर्षण मोजायचा तराजू पुसत होता. महिन्याने कामावर आला, तर तराजूच्या आरशावरून भिंतीवरच्या मोजपट्टीवर पडणारा कवडसा शून्यापासून दोन रेघा सरकलेला. "काका, तराजू बिघडलाय?" विद्यार्थिनीने विचारलं. "बिघडायला काय झालंय! मॅडम स्टुलावर बसून शून्य लावायच्या, प्रयोग संपेपर्यंत तिथेच बसायच्या. त्यांच्या भाराने लाकडी जमीन केसभर झुकायची." "म्हणजे इतकी वर्षं मॅडमचं वजन धरून शून्य?" हसता हसता तिने जीभ चावली. तोही हसला. "तिच्यासमोर वजनाचं नाव काढून बघायचं होतंस!" "मग शून्याचा स्क्रू फिरवा ना, परीक्षा आलीय." त्याने स्क्रूवर बोट ठेवलं. अर्ध्या वळशात तिचा भार नाहीसा होणार होता. त्याने हात मागे घेतला. "सध्या दोन रेघा वजा कर, पोरी." परीक्षा झाली, निकालही लागला. शून्य अजून लावायचं आहे.